पत्र्याच्या गॅरेजचे छप्पर वाऱ्याच्या पावसातच गळते : डागडुजी करावी की पत्रे बदलावेत?

प्रश्न : सुदामानगर, इंदूर

सर्वांना नमस्कार. आमच्या घराच्या दक्षिणेकडील भिंतीला लागून पत्र्याचे गॅरेज आहे. ते साधारण २० फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. पत्रे जस्ताचा मुलामा दिलेले, पन्हळी आहेत, आणि वडिलांनी घर बांधले तेव्हाचे, म्हणजे वीस वर्षांहून जुने आहेत. लोखंडी चौकोनी पाइपांवर ते जे-हुकांनी (इंग्रजी J अक्षरासारख्या वाकवलेल्या लोखंडी आकड्यांनी) आवळलेले आहेत. उतार घराच्या भिंतीकडून कुंपणाकडे असून १२ फुटांत तो जेमतेम १ फूट असावा. भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यात सिमेंटचा वाटा (कोपरा भरणारा तिरका लेप) केलेला आहे.

रिमझिम पाऊस दिवसभर पडला तरी आत थेंब येत नाही, पण पश्चिमेकडून वारा सुटून सर आली की पाच-दहा मिनिटांत चार-पाच ठिकाणी धार लागते, आणि त्यांतली एक नेमकी गाडीच्या बॉनेटवर पडते. गेल्या वर्षी एका ठेकेदाराने सगळ्या छपरावर डांबर फासून ‘आता दहा वर्षे बघायला नको’ असे सांगितले होते. एप्रिल-मेच्या उन्हात त्या डांबराला भेगा पडल्या आणि परवाच्या वळिवाच्या पावसात पाणी पूर्वीच्याच जागी गळले. आता मृग तोंडावर आला आहे. दुसऱ्या एका मिस्त्रींचे म्हणणे असे की सगळी चद्दर काढून नवी टाकल्याशिवाय इलाज नाही, तर शेजारचे काका म्हणतात की जुन्यावरच नवे पत्रे अंथरावेत. एवढा खर्च करण्याआधी हे छप्पर दुरुस्त होण्यासारखे आहे की नाही, हे कसे ओळखावे, आणि दुरुस्ती करायचीच असेल तर सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त स्थापत्य अभियंता, तिलकनगर

आपण गळतीचे जे वर्णन केले आहे, त्यातच निम्मे निदान आहे. पत्रा गंजून त्याला आरपार भोके पडली असती तर संथ पावसातही पाणी आत आले असते. ते फक्त वाऱ्याच्या सरीत येते, याचा अर्थ पत्र्याचे अंग बहुधा शाबूत आहे आणि पाणी सांध्यांतून, हुकांच्या भोकांतून किंवा भिंतीलगतच्या फटीतून शिरत आहे. म्हणून सगळे छप्पर बदलण्याचा निर्णय आज घेऊ नये, आणि पाण्याची वाट सापडेपर्यंत वरून कोणताही लेपही देऊ नये. डांबराने तर उलटे नुकसान केले आहे. काळा थर ऊन अधिक शोषतो, तापून-आकसून त्याला भेगा पडतात, भेगेतून शिरलेले पाणी थराखाली अडकून जस्ताला खाते, आणि दोष कोठे आहे तेही झाकले जाते.

पहिली तपासणी आतून करावी. भर दुपारी गॅरेजचे दार लावून, दिवा बंद करून पाच मिनिटे आत थांबावे, म्हणजे डोळे अंधाराला सरावले की जेथून उजेडाचा ठिपका दिसतो ती भोके आपोआप कळतात. त्यांना खालून खडूने गोल करावेत. मात्र सगळ्या गळत्या अशा दिसत नाहीत, कारण दोन पत्र्यांच्या सांध्यातून उजेड येत नाही, पाणी येते. त्यासाठी बागेच्या नळीने पाणी सोडून पाहावे. एकाने वर पाणी सोडावे आणि दुसऱ्याने खाली विजेरी घेऊन उभे राहावे. पाणी नेहमी खालून वर, म्हणजे वळचणीपासून भिंतीकडे, एकेक हात सरकत सोडावे आणि प्रत्येक जागी काही मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी वाहत येऊन खालचे सगळे सांधे एकदमच भिजवते आणि नेमका दोषी कोण हे कळत नाही. थेंब जेथे पडतो तेथेच भोक असते, असेही मानू नये. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने सरकत आडव्या पाइपापर्यंत येते, पाइपावरून चालत जाते आणि भलतीकडेच गळते. आपल्या बॉनेटवर पडणारी धार कदाचित तीन-चार फूट वर, भिंतीकडे, उगम पावत असेल.

आता हुकांविषयी. जे-हुकाचे भोक पन्हळीच्या माथ्यावर असले पाहिजे, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगटातून वाहते. आपले हुक माथ्यावर आहेत का, हे आधी पाहावे. पत्र्याला लागून डांबरी वॉशर, त्यावर वाटीसारखा बाक दिलेला लोखंडी वॉशर आणि वर नट, असा क्रम असतो. डांबरी वॉशर उन्हात वाळतो, कडक होतो आणि तडकतो. शिवाय पत्रा सतत हलत असतो. पोलाद प्रत्येक अंश तापमानाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. आपल्या १२ फुटी पत्र्याच्या बाबतीत पौषातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ५५ अंशांचा फरक धरला, तर त्याची लांबी दोन मिलिमीटरांहून अधिक बदलते. वर्षानुवर्षे ही ये-जा झाली की हुकाभोवतीचे भोक लांबट होते आणि वॉशर त्याला झाकू शकत नाही.

यावर उपाय असा. एका वेळी एकच हुक सोडावा; सगळे एकदम ढिले केले आणि वादळ आले तर पत्रा उडेल. भोकाभोवतीचे डांबर खरवडून, तारेच्या ब्रशने गंज काढून, जस्तयुक्त प्रायमरचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर ईपीडीएम म्हणजे उन्हापावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा मोठा वॉशर घालून नट आवळावा. आवळताना रबराची कड किंचित फुगून बाहेर दिसली की थांबावे. जोर लावून चिरडलेले रबर पहिल्याच उन्हाळ्यात फाटते. हुकच गंजून झडला असेल तर त्याऐवजी रबरी वॉशरचा सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारा) स्क्रू वापरता येतो, परंतु तो माथ्यावरून मारायचा असल्यामुळे पन्हळीची पूर्ण उंची ओलांडून पाइपाच्या पत्र्यात किमान तीन आटे उतरतील इतका लांब घ्यावा. स्क्रू मारताना उडालेला लोखंडाचा कीस ब्रशने त्याच दिवशी झाडून काढावा, कारण तो गंजतो आणि चांगल्या पत्र्यावर डाग पाडतो.

शेजारशेजारच्या दोन पत्र्यांच्या कडांचा सांधा हा माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न असावा. १२ फुटांना १ फूट म्हणजे सुमारे ५ अंशांचा उतार, आणि पन्हळी पत्र्यासाठी तो कमीच आहे. अशा उतारावर एक पत्रा दुसऱ्यावर निदान दीड ते दोन पन्हळी चढलेला हवा आणि वरच्या पत्र्याची मोकळी कड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला हवी. इंदुरात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे बसवत आणायचे असतात, म्हणजे कड पूर्वेला राहते. आपल्या छपरावर ती पश्चिमेला उघडी असेल तर वारा पाणी थेट सांध्यात ढकलतो आणि ते दोन पत्र्यांच्या बारीक फटीत केशाकर्षणाने वर चढते. सगळे पत्रे उलटवणे शक्य नसल्यास सांधा थोडा उचलून, आतून पुसून कोरडा करून, माथ्यावर सलग ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावावी आणि दर फूट-दीड फुटावर छोट्या स्क्रूने दोन्ही पत्रे एकमेकांना शिवून घ्यावेत. टेप सांध्याच्या आतच हवी. बाहेरच्या कडेला सीलंटची रेघ ओढली तर आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि सांधा आतून सडतो.

सीलंट घेताना नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ असे लिहिले आहे ना, ते वाचून घ्यावे. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून वाळताना ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते जस्ताला चांगले नाही.

पत्रा बदलायचा की नाही, याची कसोटी सोपी आहे. लाल गंज दिसेल तेथे पेचकसाचे टोक अंगठ्याच्या जोराने दाबावे. ते आत गेले, किंवा पत्रा पापुद्रे सोडत असेल, तर तेवढा पत्रा बदलावा; टोक थांबले तर ब्रश, प्रायमर आणि रंग पुरेसा आहे. डांबराखालचा पत्रा मात्र सगळा उघडा करून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. डांबर खरवडायचे ते पहाटे, थंड असताना, कारण तेव्हा ते ठिसूळ असते आणि तुकड्यांनी निघते. दुपारी ते नुसते पसरते.

वर चढताना पाय नेहमी हुकांच्या रेषेत, म्हणजे खाली पाइप असेल तेथेच ठेवावा, शक्यतो आडवी फळी टाकून. वीस वर्षांचा पत्रा दोन पाइपांच्या मध्ये माणसाचा भार घेईल याचा भरवसा धरू नये, आणि ओल्या पत्र्यावर तर अजिबात चढू नये. वर नळीने पाणी सोडायचे तेही शिडीवरून सोडावे.

उत्तर २ : फॅब्रिकेशन वर्कशॉप, सांवेर रोड

साहेबांनी सांगितलेली तपासणीची पद्धत उत्तम आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. जुने डांबर खरवडणे, प्रत्येक हुक सोडणे, प्रत्येक सांधा उचलणे या सगळ्याला दोन माणसांचे बरेच दिवस जातात आणि मजुरी पत्र्याच्या किमतीच्या जवळ जाऊन पोचते. तिसऱ्या भागाहून अधिक पत्रे पेचकसाच्या कसोटीत नापास झाले, तर सगळे बदलणेच शहाणपणाचे आहे, कारण त्या निमित्ताने कडाही वाऱ्याच्या विरुद्ध फिरवता येतील आणि भिंतीकडचा पाइप वर उचलून उतारही वाढवता येईल.

बदलायचे ठरले तर दोन गोष्टी दुकानदाराला विचाराव्यात. पहिली पत्र्याची जाडी. गॅरेजसाठी मी ०.५० मिलिमीटरच्या खालचा पत्रा सुचवत नाही. दुसरी जस्ताचे वजन, जे सहसा कोणीच विचारत नाही. भारतीय मानक २७७ प्रमाणे जस्ताचा थर दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे त्यावरून प्रत ठरते. १२० ग्रॅम आणि २७५ ग्रॅम असे दोन्ही पत्रे दुकानात सारखेच चमकतात, पण २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर प्रत्येक बाजूला सुमारे १९ मायक्रॉन जस्त असते आणि १२० च्या पत्र्यावर त्याच्या निम्म्याहून कमी. आयुष्याचा फरक तेथेच पडतो.

एक-दोनच पत्रे बदलायचे असतील तर जुन्या पत्र्याचा तुकडा सोबत घेऊनच लोहामंडीत जावे. पन्हळीची रुंदी आणि खोली जुळली नाही तर नवा पत्रा जुन्यावर बसत नाही आणि मध्ये फट राहते. हल्ली जास्त विकले जाणारे चौकोनी खाचांचे रंगीत पत्रे तर गोल पन्हळीवर बसूच शकत नाहीत. पत्रा कापायचा तो कात्रीने. ग्राइंडरने कापला की कडेचे जस्त जळते, आणि ठिणग्या पत्र्यावर जेथे चिकटतात तेथे गंजाचे ठिपके उमटतात. आमच्याकडे येणाऱ्या ‘नवीन पत्रा वर्षात गंजला’ अशा तक्रारींत हे कारण पुष्कळदा निघते.

शेजारच्या काकांचा सल्ला मानू नये. जुन्या पत्र्यावर नवा अंथरला की मधली ओल वाळत नाही आणि दोन्ही पत्रे आतून गंजतात. शिवाय ०.५० मिलिमीटरचा पन्हळी पत्रा दर चौरस मीटरला चार किलोंच्या वर भरतो. एवढा जादा भार आपल्या जुन्या पाइपांवर टाकावा का, हे पाइपांचे वेल्डिंग आणि गंज पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये.

उत्तर ३ : लोकमान्यनगर

भिंतीच्या सांध्याबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या मागच्या अंगणातल्या शेडची गळती पूर्णपणे तेथूनच होती. भिंत स्थिर असते, पत्रा उन्हाने सरकत असतो, आणि दोघांना सिमेंटने जोडले की पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच वाट्याच्या खाली केसाएवढी चीर पडते. भिंतीवरून ओघळणारे पाणी त्या चिरेतून सरळ आत येते. वारा असला की भिंत अधिक भिजते, त्यामुळे ही गळतीही वाऱ्याच्या पावसातच दिसते आणि लोक पत्र्याला दोष देत राहतात. शिवाय ओले सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे त्याला चिकटलेल्या पट्ट्यावरचे जस्त झिजते.

आम्ही वाटा फोडून काढला, भिंतीच्या गिलाव्यात साधारण इंचभर खोल आडवी खाच कापून घेतली, आणि साध्या जस्ती पत्र्याची दुमडलेली पट्टी वरच्या कडेने त्या खाचेत बसवून खालच्या कडेने छपरावर सहा इंच उतरवली. पट्टी फक्त भिंतीत पक्की केली आहे. पत्र्यावर ती नुसती टेकते, म्हणून खालचा पत्रा मोकळेपणाने सरकू शकतो. पट्टीखाली पन्हळींची तोंडे उघडी राहतात, तेथे पन्हळीच्या आकाराचे फोमचे तुकडे बसवले, म्हणजे वाऱ्याबरोबर पाणी उलटे चढत नाही. खाच न्यूट्रल सीलंटने भरली. गवंड्याने ती पुन्हा सिमेंटनेच भरायचा आग्रह धरला होता, पण मी ऐकले नाही.

उत्तर ४ : वीजकाम, मल्हारगंज

एकच सूचना, परंतु ती सगळ्यांच्या आधी अमलात आणावी. गॅरेजवरून खांबाची सर्व्हिस वायर जात असेल, किंवा आतल्या दिव्याची वायर पत्र्याला घासत असेल, तर वर चढण्यापूर्वी आणि विशेषतः नळीने पाणी सोडण्यापूर्वी त्या भागाचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली करावा. सर्व्हिस वायर त्यानेही चालूच राहते, म्हणून तिचे आवरण फाटलेले दिसले तर वीज कंपनीच्या लाइनमनला बोलावल्याशिवाय पत्र्याला हातसुद्धा लावू नये. गळणाऱ्या लोखंडी शेडमध्ये विजेचा धक्का बसण्याची शक्यता खरी असते. पत्रा आणि पाइप यांना अर्थिंग जोडलेले आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सर्व्हिस वायर गॅरेजच्या कोपऱ्यावरून जाते, परंतु तिचे आवरण शाबूत आहे. आतला दिवा बंद करूनच काम केले. सांगितल्याप्रमाणे मुलीला खाली विजेरी घेऊन उभे केले आणि शिडीवरून, वळचणीपासून वर, पाणी सोडत गेलो.

हुक माथ्यावरच आहेत. खालच्या दोन ओळींतल्या हुकांतून पाणी आले नाही. वरच्या ओळीतल्या काही हुकांतून आले. त्यांतला एक नट सोडला, तेव्हा खालचा डांबरी वॉशर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा हातात कुसकरला, आणि त्याखालचे भोक खरोखरच उताराच्या दिशेने लांबट झालेले दिसले. भोकाभोवती लाल कडे होते, पण पेचकस आत गेला नाही. सांध्यांच्या कडा पश्चिमेलाच उघड्या आहेत, आणि पत्रे एकमेकांवर एकच पन्हळ चढवलेले आहेत. नळी पश्चिमेकडून तिरपी धरली तेव्हा तीन सांध्यांतून लगेच पाणी आले. पूर्वेकडून धरली तेव्हा आले नाही. सर्वांत मोठी धार मात्र भिंतीवर पाणी सोडल्यावर लागली, आणि ती पाइपावरून चालत येऊन बॉनेटच्याच जागी पडली. डांबर पहाटे खरवडून पाहिले. पश्चिम कोपऱ्यातला एक पत्रा डांबराखाली चाळणी झालेला आहे, तो बदलावा लागेल. इतर पत्रे कसोटीला उतरले.

आता दोन शंका आहेत. पाऊस केव्हाही येईल, तर कोणते काम आधी करावे? आणि हिवाळ्यात पहाटे, पाऊस नसतानाही, पत्र्याच्या आतून थेंब टपकतात, तीही गळतीच समजावी का?

उत्तर ५ : निवृत्त स्थापत्य अभियंता, तिलकनगर

आपण तपासणी काळजीपूर्वक केली आहे, त्यामुळे आता उत्तर देणे सोपे झाले. वर्कशॉपवाल्या मित्रांचा तिसऱ्या भागाचा हिशेब मला मान्य आहे, आणि त्या हिशेबानेही आपले छप्पर दुरुस्तीच्याच बाजूला येते.

सर्वांत आधी भिंतीची पट्टी करावी. सर्वांत जास्त पाणी तेथून येते, आणि लोकमान्यनगरच्या ताईंनी लिहिलेली पद्धत मला पूर्ण योग्य वाटते. मात्र वाटा फोडल्यावर त्याखालचा पत्रा जस्त जाऊन पातळ झालेला निघण्याची शक्यता आहे, तेव्हा तेथेही पेचकसाची कसोटी लावावी. त्यानंतर कोपऱ्यातला पत्रा बदलावा. तो पश्चिमेच्या टोकाचा असल्यामुळे नव्या पत्र्याची कड योग्य बाजूला फिरवणे शक्य आहे. नवा पत्रा आत सरकवताना शेजारच्या पत्र्याच्या खाली दोन पन्हळी घ्यावा असे वाटेल, परंतु आपल्याला कड पूर्वेला हवी आहे, म्हणून तो वर चढवावा. त्यासाठी पत्रा थोडा रुंद किंवा जोडीला अर्धा पत्रा लागेल; मोजमाप आधी घ्यावे. मग वरच्या ओळीतले हुक, आणि शेवटी सांध्यांतली टेप. टेप ओल्या पत्र्याला चिकटत नाही, म्हणून त्या कामासाठी दोन कोरडे दिवस सलग मिळाले पाहिजेत. ते मृगात मिळाले नाहीत तर पावसाच्या उघडिपीची वाट पाहावी.

तोपर्यंत पश्चिमेच्या अर्ध्या भागावर ताडपत्री टाकता येईल. ती भिंतीला पट्टीने आवळून वळचणीखालून ओढून पाइपांना दोरीने बांधावी. तिच्यावर विटा किंवा दगड ठेवू नयेत. वादळात ते घरंगळून खाली माणसावर पडतात आणि घासल्याने पत्र्याचे जस्तही जाते.

हिवाळ्यातले थेंब ही गळती नव्हे. रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा हवेहून अधिक थंड होतो आणि आतली दमट हवा त्याच्या खालच्या अंगाला लागून तिचे दंव होते. गाडी धुऊन ओलीच आत लावली, किंवा जमीन मातीची असली, तर हे जास्त होते. भिंतीकडची पट्टी बसवताना पन्हळींची सगळी तोंडे फोमने बंद होणार आहेत, त्यामुळे हवा खेळण्यासाठी पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींत, छपराच्या लगेच खाली, जाळी लावलेली एकेक खिडकी ठेवावी; नाहीतर पावसाची गळती थांबेल आणि दंवाची वाढेल.

नव्या रबरी वॉशरांचे सगळे नट पुढच्या पावसाळ्याच्या आधी, वैशाखाच्या अखेरीस, एकदा हाताने तपासून घ्यावेत. पहिल्या उन्हाळ्यात काही नट थोडे सैल पडतात. ते अर्ध्या फेऱ्यापेक्षा अधिक फिरले, तर त्या जागेचे भोक पुन्हा पाहावे लागेल.